आठ दिवसांवर लग्न आणि दारात आणीबाणी

हसायचं असेल तर आधीच हसून घ्या, कारण मी आहे फौजेत आणि हा किस्सा आहे पळण्याचा!

गेल्या वर्षी लग्नासाठी सुट्टी घेऊन निघालो. जम्मूपासून दोन दिवसांचा प्रवास, मोबाईल वाटेतच मेलेला. मुलगी सांगलीकडची, लग्न आठ दिवसांवर. कोरेगावातून वडापच्या जीपनं फाट्यावर उतरलो, ट्रंक खांद्यावर घेतली आणि हवेतच चालत गावात शिरलो.

शाळेपाशी आलो आणि पाय थांबले.

भिंतीवर हा मोठा लाल त्रिकोण! खाली पाटी, 'नसबंदी शिबिर'. समोर जुनाट सरकारी जीप, काठ्या घेतलेले पोलीस, आणि गावातलेच पाचसहा जण माना खाली घालून रांगेत उभे.

आमचे आजोबा आणीबाणीतलं सांगायचे. जीप दिसली की गडीमाणसं उसात दडायची, भाकरीसुद्धा तिकडंच पोचवावी लागायची. तुम्ही म्हणाल, अरे शहाण्या, ते पन्नास वर्षांपूर्वीचं! मान्य. पण दोन दिवस मोबाईल बंद असलेल्या माणसाला काय ठाऊक, देशात काय काय परत चालू झालंय?

तेवढ्यात हातात कागद घेतलेली एक बाई माझ्यावर धावून आली. "किती उशीर! कधीपासून एक पेशंट कमी पडतोय. ट्रंक ठेवा, शर्ट काढा आणि आत टेबलावर आडवे व्हा."

"आवं बाई, आठ दिवसांनी लगीन हाय माझं!"

"छान! हेच आत जाऊन मोठ्यानं सांगा."

छान? मी घाबरून इकडंतिकडं बघितलं, तर कोण दिसावं? आमचे तात्या, माझे सख्खे वडील! फेटा बांधून पोलिसांशेजारी खुर्चीत बसलेले. माझ्या जिवात जीव आला.

"तात्या, आवं सांगा की ह्यास्नी!"

तात्या उठले, मिशीवरून हात फिरवला आणि म्हणाले, "माझाच पोरगा हाय. घाला आत! लय लाजतंय ते."

सख्खा बाप हो! नातवंडं नकोत का या माणसाला?

दारात रबरी हातमोजे घातलेला डॉक्टर ट्रे घेऊन आला. एका पोलिसानं माझा दंड धरला. मग काय, ट्रंक टाकली त्याच्या पायावर आणि जो सुटलो! शाळेचं कुंपण, ओढा, पलीकडं ऊस. पलटणीतल्या शर्यतीत मी कधी पहिला आलो नाही. त्या दिवशी आलो असतो.

तासभर उसात बसलो. पाला गाल कापतोय, मुंग्या चावतायत, आणि मी ठरवतोय की इथूनच परत जम्मू गाठायचं, वऱ्हाड तिकडंच बोलवायचं.

शेवटी तात्यांची हाक आली. "आरं भाईर ये, येड्या! टीव्हीवाली हायती ती. आणीबाणीवर माहितीपट काढत्यात. मी सरपंच झालोय त्यात, दिसंना व्हय तुला?"

"मग क्यामेरा कुठं हुता?"

"शाळंच्या खिडकीत. तुझं पळणं समदं घावलंय त्यात. त्यो दिग्दर्शक म्हणतोय, असलं पळणं कुठल्या नटाला जमायचं न्हाई."

इतकं हलकं मला जन्मात वाटलं नव्हतं! तात्यांना तिथंच मिठी मारली. तेही हसले, मीही हसलो.

पण कुणीतरी मोबाईलवर काढलेला व्हिडिओ माझ्याआधी सासुरवाडीला पोचला होता. मोबाईल चार्ज झाला आणि पहिलाच फोन तिचा. लग्न मोडलं, अशी मनाची तयारी करूनच उचलला.

"व्हिडिओ बघितला तुमचा," ती म्हणाली. "आजी म्हणती, मिलिट्रीतला गडी आन् पळतोय कसा?"

मी फोन कानापासून जरा लांब धरला.

"मी म्हणलं आजीला, माझ्यासाठी पळाल्यात त्ये."

काय सांगू, डोळ्यांत पाणीच आलं. "व्हय," म्हणालो, "तुझ्यासाठीच."

लग्न थाटात झालं. पुढं माहितीपटही टीव्हीवर लागला, आणि अजूनही आमची ही येईल त्या पाहुण्याला अभिमानानं तेच सांगते. आता तुम्ही आपली माणसं म्हणून बोलतो, तिच्या कानावर घालू नका. पळताना मला तिचं नावसुद्धा आठवत नव्हतं. दिसत होती ती फक्त डॉक्टरच्या ट्रेमधली कात्री!