उजवा कान

१९ नोव्हेंबर १९८५. दुपारी मी गल्लीच्या टोकाला धानाच्या व्यापाऱ्याकडे परक्यांचे डबे आणि पुड्या काट्यावर तोलत होते.

विमानात माणशी वीस किलो सामान चालतं, असं नवऱ्यानं मस्कतहून कळवलं होतं. माझ्या आणि पाच वर्षांच्या मुलाच्या कपड्यांनी तेवढं वजन भरणार नव्हतं. हे मला कळायच्या आत नागभीडमधल्या ज्या ज्या घरचा मुलगा तिकडे कामाला होता त्या घराला कळलं. शेजारच्या म्हाताऱ्या भाऊंनी लाखोळीची डाळ आणून दिली. विहाराजवळच्या बाईनं जवसाची चटणी आणि भिवापुरी मिरचीचं तिखट दिलं. पलीकडच्या आळीतल्या नव्या सुनेनं तांदळाचे पापड पांढऱ्या कापडात शिवून दिले, टाके इतके बारीक की उसवायला जीव होऊ नये.

"बाई," व्यापारी वजनं चढवत म्हणाला, "हे तिखट फुटलं तं अख्खं विमान शिंकन ना!"

हमाल हसले. मुलगा पोत्यांच्या थप्पीवर बसून धानाचे दाणे दातानं सोलत होता. त्याची उजवी बाजू माझ्याकडे होती.

"उतर खाली. झालं माझं," मी म्हणाले.

तो सोलत राहिला. मी पुन्हा हाक मारली, मोठ्यानं. तरी नाही.

"मास्तरीणबाईचं घरचंच पोट्टं ऐकत नाई," व्यापारी म्हणाला, "तं शाळा काय ऐकत असंन?"

मी हातातला डबा खाली ठेवला. मुलाला दोन वर्षांचा असताना गालफुगी झाली होती आणि तीत त्याचा डावा कान कायमचा गेला होता. नागपूरच्या डॉक्टरांनी तपासून तसं स्वच्छ सांगितलं होतं. तेव्हापासून आमच्या घराला सवयच लागली होती. बोलायचं उजवीकडून, रस्त्यानं चालायचं उजवीकडून. पंगतीत त्याचं ताट डाव्या टोकाला, म्हणजे सगळं घर त्याच्या उजवीकडे. उजवीकडून मारलेली हाक त्यानं कधी चुकवली नव्हती.

थप्पीवर चढून मी त्याच्या कानाला हात लावला. कान कढत होता. आठ-दहा दिवस मळणीच्या धुळीनं त्याचं नाक वाहत होतं, आणि सगळ्या गावाचंच वाहत असल्यामुळे मी लक्ष दिलं नव्हतं.

परवा सकाळच्या छोट्या रुळांवरच्या रेल्वेगाडीनं आम्हाला नागपूर गाठायचं होतं, तिथून रात्रीच्या गाडीनं मुंबई, आणि मुंबईहून विमान. आमच्या व्हिसाची मुदत शनिवारी संपत होती. नवरा तिकडे वीजघरात फोरमन होता. बायकोमुलाला आणायची परवानगी मिळवायला त्याला दोन वर्षं लागली होती, आणि एकदा वापरली नाही तर ती पुन्हा मिळेल असं कोणी सांगत नव्हतं. मी शाळेतून वर्षाची बिनपगारी रजा घेतली होती. माझा वर्ग दुसऱ्या बाईंकडे गेला होता.

सामान तिथेच ठेवून मी मुलाला डॉक्टरकडे नेलं. सासूबाई मागोमाग आल्या.

डॉक्टरांनी उजव्या कानात बराच वेळ पाहिलं. मग डाव्या कानातही पाहिलं. त्याची काही गरज नव्हती.

"पडदा फुगला आहे. आत पू आहे," ते म्हणाले. "विमान खाली उतरताना बाहेरचा दाब वाढतो. असा ताणलेला पडदा तो सोसेल की नाही, सांगता येत नाही."

"फाटला तर?"

"बहुतेकांचा भरून येतो."

"मग जावं का?"

"दुसरा कान असता तर जा म्हटलं असतं, बाई."

त्यांनी औषध लिहून दिलं आणि सकाळी पुन्हा बोलावलं. घरी येईपर्यंत मुलगा रडायला लागला होता. तो रात्रभर रडला.

सकाळी उशी ओली होती. पिवळट पू, त्यात रक्ताची रेघ. मुलगा मात्र उठून बसला होता, दुखत नव्हतं, आणि त्याला पोहे हवे होते. उशी पाहून सासूबाईंनी आधी कपाळाला हात लावला. मग नातवाचं तोंड पाहिलं आणि तो हात खाली घेतला.

"फुटला, बरं झालं. घान गेली," त्या म्हणाल्या. "आता जाजो खुशाल."

डॉक्टरांनीही अर्धं तेच सांगितलं. "आता विमानाची भीती उलट कमी झाली. पडद्याला छिद्र पडलं, म्हणजे आतबाहेर दाब सारखा राहील."

"साधु, साधु!" म्हणत सासूबाई उठल्या.

"बसा आई. झालं नाही माझं." डॉक्टर माझ्याकडे वळले. "सध्या त्याला कमी ऐकू येईल. छिद्र भरलं की सुधारेल. पण ते भरेपर्यंत कान रोज कोणीतरी बघून साफ केला पाहिजे. पाण्याचा थेंब आत जाता कामा नये. ताप चढला किंवा कानामागे सूज आली तर त्याच दिवशी डॉक्टर पाहिजे, दुसऱ्या दिवशी नाही. तिकडे तशी सोय आहे?"

नवऱ्याच्या पत्रात क्वार्टरचं वर्णन होतं. वीजघर गावापासून लांब, भोवती वाळू, कंपनीचा डॉक्टर आठवड्यातून एकदा येतो. बाकी काही मला माहीत नव्हतं. तसं मी सांगितलं.

"विमानासाठी मी नाही म्हणणार नाही," डॉक्टर म्हणाले. "पुढचं तुम्ही ठरवा."

आम्ही घरी पोचायच्या आधी गल्लीला निकाल कळला होता. सासूबाई माझ्यापुढे वीस पावलं चालत होत्या आणि प्रत्येक दारात सांगत होत्या, "डाक्टर म्हने जा!" वाक्य तिथेच संपत होतं.

संध्याकाळी आमच्याकडे निघण्याआधीची बुद्धवंदना ठरली होती, त्यासाठी बायका आधीच तांदूळ निवडायला बसल्या होत्या. निवडता निवडता कानावर चर्चा सुरू झाली.

"विमानात गोळी देतेत चोखाले. चोखत राह्यलं का कान मोकळे."

"तुले कोनी सांगतलं? तू बसली होती का खिडकीपाशी?"

"माह्या भाच्याचा साळा गेलता."

"तो तं परत आला नाई अजून. काय माहीत, कान आहे का नाई त्याचा!"

सगळ्या खिदळल्या. विहाराजवळची बाई म्हणाली, "कापसाचा बोळा घाला न् वरून टोपी चढवा. दिसलं तं चढू देनार नाई." तिची चटणी सामानात होती, तिला काळजी असणं साहजिक होतं.

मी कपड्यांच्या बॅगेचे पट्टे आवळले. मला जायचं होतं. दोन वर्षं मी शाळा, पाणी, दळण आणि सासूबाई एकटीनं केलं होतं. नवऱ्याचा आवाज मी फक्त व्यापाऱ्याच्या दुकानातल्या फोनवर, हमालांच्या देखत ऐकत होते. डॉक्टर नाही म्हणाले नव्हते. मीही उठून "डाक्टर म्हने जा" म्हटलं असतं तर मला कोणी दोष दिला नसता.

आत सासूबाई चुलीकडे तोंड करून पोहे परतत होत्या. मुलगा त्यांच्या मागे, पाटावर.

"आनखी घेतं का रे, बापा?" त्या पाठमोऱ्याच म्हणाल्या.

तो खात राहिला. त्या वळल्या, कढई पुढे केली आणि तेच विचारलं. तो लगेच "हो" म्हणाला.

त्यांच्या ध्यानात काही आलं नाही. मी दारातच थांबले. मग त्याच्या मागे, उजव्या बाजूला जाऊन हळू हाक मारली. मग नेहमीसारखी. मग शाळेत मारते तशी. चमच्यानं ताटलीवर ठोका दिला तेव्हा तो वळला आणि हसून माझ्याकडे पाहू लागला. डोळ्यांकडे नाही, ओठांकडे. सकाळपासून तो सगळ्यांशी बोलत होता, हसत होता, आणि सगळं ओठांवरून चाललं होतं. एका दिवसात शिकला होता.

कमी ऐकू येईल, हे डॉक्टरांनी सांगितलंच होतं. भरलं की सुधारेल, हेही. पण न भरलं तर काय, हे त्यांनी सांगितलं नव्हतं आणि मी विचारलं नव्हतं. ते आता माझ्यासमोर पोहे खात बसलं होतं. कान बिघडला तर इथे कोणाचं दार वाजवायचं हे मला ठाऊक होतं. तिकडे मला दारंच ठाऊक नव्हती.

"आई, आपन जाऊन नाई राह्यलो," मी म्हणाले.

त्यांनी कढई उतरवली. "आता काय झालं? डाक्टर जा म्हन्ते, पोट्टा हसून राह्यला. तुले काय पाह्यजे आनखी?"

"त्याले ऐकू येत नाई."

"येईन ना! डाक्टरच म्हने येईन." त्यांचा आवाज चढला तशा बाहेरच्या बायका गप्प झाल्या. "तिकडे माह्या लेकरानं घर मांडून ठेवलं. दोन वर्सं हातानं भाकर करून खाऊन राह्यला. त्याले तोंड काय दाखवू? तुले जाचंच नोहोतं. तुह्यी शाळा सुटत नाई तुह्याच्यानं."

"मले जाचं होतं," मी म्हणाले.

त्यांनी पदर तोंडावर घेतला आणि चुलीकडे वळल्या. त्यांचाही मुलगाच होता तो, दूर असलेला.

दुपारी नवऱ्याचा फोन यायचा होता, निघायच्या आदल्या दिवशीचा, तसं त्यानं कळवलं होतं. मी वेळेआधी दुकानात जाऊन बसले. माझं सामान अजून काट्याजवळच होतं. वाटेत वाटलं होतं की त्यालाच ठरवू द्यावं. त्याचाही मुलगा आहे. पण त्याच्यासमोर ती उशी नव्हती आणि ते पोहेही नव्हते. वाळूत उभं राहून तो काय ठरवणार होता?

घंटी वाजली. व्यापाऱ्यानं "बोला, बोला" करून फोन माझ्या हातात दिला. आवाज विहिरीतून आल्यासारखा येत होता.

"सामान झालं? मी गाडी सांगून ठेवली. क्वार्टरले पडदे लावले."

"आम्ही येत नाई," मी म्हणाले.

माझं वाक्य तिकडे पोचायला वेळ लागला.

"काऊन? काय झालं? आईले बरं नाई का? अगं, शनिवारी मुदत संपते! पुन्हा कोन देईन मले? साहेबाच्या किती पाया पडलो..."

"पोराचा कान फुटला. पू येऊन राह्यला."

"कान? कानाचं काय एवढं? इथी डॉक्टर..." तो थांबला. लाइनीत खरखर होत राहिली. "कोनता?"

"उजवा."

व्यापाऱ्यानं हमालाला हातानं थांबवलं. पोतं तसंच पाठीवर घेऊन हमाल उभा राहिला.

खरखर इतका वेळ चालली की फोन कटला असं मला वाटलं. मग तो म्हणाला, "त्याले दे जरा."

"देऊन काय करू? ऐकू येत नाई त्याले."

"बरं," तो म्हणाला. आणि थोड्या वेळानं, "थांबा मंग तिथीच." मग खरोखर कटला.

माझे डबे काट्याजवळून उचलून व्यापाऱ्यानं हमालाकडून घरी पोचवले.

पुढचं सांगून टाकते. व्हिसा पुन्हा मिळाला नाही. करार संपेपर्यंत नवरा तिकडे एकटाच राहिला आणि मग परत आला. कानाचं छिद्र भरायला संक्रांत उजाडली. त्या कानानं मुलगा आजही ऐकतो. तुम्ही गेला असतात तरी बहुधा भरलं असतं, असं डॉक्टरच नंतर म्हणाले. असेल. सासूबाईंनी ते वाक्यही गल्लीत सांगितलं, या वेळी पूर्ण.

पण दुसऱ्या दिवशी सकाळी यातलं काही माहीत नव्हतं. आमची छोटी गाडी निघायच्या वेळेला मी पिशवी घेऊन बाहेर पडले. मुलाच्या कानात कापूस होता आणि डोक्याला फडकं. मी सवयीनं त्याच्या उजवीकडून चालत होते.

म्हाताऱ्या भाऊंनी डाळ परत घेतली आणि मुलाच्या डोक्यावरून हात फिरवला. विहाराजवळच्या बाईनं डबा उघडून तिखट सांडलं तर नाही ना, ते पाहिलं.

नव्या सुनेनं पापडांची पुडी हातात घेतली नाही. "राहू द्या ना बाई तुमच्यापाशीच. कान बरा झाला का न्याल."

"नरम पडतीन," मी म्हणाले. "तळून खा. तुह्या नवऱ्याले पत्रात कळव, चांगले झाले होते म्हणून."

तिनं पुडी घेतली. तिच्या दारातून आम्ही सरळ दवाखान्यात गेलो. कान साफ करायचा होता, आणि उशीर केला तर तिथे गर्दी होते.