वखार विकली गेली नाही

लातूरला एका खाजगी शाळेत मी दोन वर्षं शिकवत होते. तिथं एका तेलगिरणीच्या मागं पत्र्याची जुनी शेड होती. रविवारी दुपारी आम्ही पंधरा-वीस जण तिथं जमायचो. कुणी नाटक वाचायचं, कुणी स्वतःच्या कविता. उदगीरकडचा एक कारकून कानडी गाणी म्हणायचा आणि प्रत्येक ओळ झाली की थांबून तिचा अर्थ सांगायचा. एका रविवारी आम्ही गेलो तर दाराला नवं कुलूप होतं. वरती बोर्ड होता, कोचिंग क्लासच्या मुलांसाठी होस्टेल. मालकानं आम्हाला आधी सांगितलं होतं म्हणे, आम्हीच मनावर घेतलं नव्हतं.

नंतर दोनदा आम्ही एकाच्या गच्चीवर जमलो. तिसऱ्यांदा कुणी आलंच नाही. होस्टेल झालं तशा आजूबाजूला खानावळी झाल्या, मग गल्लीतल्या खोल्यांची भाडी वाढली. माझी घरमालकीण एक दिवस म्हणाली, "मॅडम, वाईट वाटून घेऊ नका, पण एका खोलीत चार पोरं राहतात आता. तुम्ही एकट्या." तिच्या बोलण्यात खोट नव्हती. मी सामान बांधलं.

पुढं अर्धापूरजवळच्या एका खेड्यात जिल्हा परिषदेच्या शाळेत नोकरी लागली आणि मी नांदेडला खोली बघायला आले. आमचं गाव बिलोली तालुक्यातलं. आई-वडील मजुरी करायचे, घर बौद्ध. नांदेडला तीन ठिकाणी सारखंच झालं. गाव विचारलं, शाळा विचारली, चहा दिला, शेवटी आडनाव विचारलं, आणि मग खोली आजच दुसऱ्याला दिली असं घरवाल्यांना आठवलं. तिसऱ्या घरातून बाहेर पडले तेव्हा ऊन चांगलंच तापलं होतं. समोर शिंप्याचं दुकान होतं. मी पाणी मागायला आत शिरले. शिंपी तेलुगू बोलणारे, पन्नाशीच्या आसपासचे, सगळे त्यांना मास्टर म्हणायचे. माझ्या हातातली पिशवी बघूनच त्यांना कळलं.

"खोली पाहून राहिल्या का?" ते म्हणाले. "वखारीत जा. खालाला सांगा, मास्टरनी पाठवलं."

वखार म्हणजे जुन्या गावातली लाकडाची वखार. खाला म्हणजे मावशी, सगळी गल्ली त्यांना तसंच म्हणायची; त्यांचे यजमान सागवान विकायचे. ते वारल्यावर धंदा बंद झाला, पण उंच छपराची मोठी शेड राहिली आणि तिच्या कडेनं पाच खोल्या. खाला तेव्हा सत्तरीच्या पुढं होत्या. अंगणात बाजेवर बसून लसूण सोलत होत्या. मी स्वतःच आधी आडनाव सांगून टाकलं, म्हटलं नंतरचा वेळ तरी वाचेल. त्यांनी लसणावरून नजर काढली नाही.

"गोश पकाती क्या?" त्यांनी विचारलं.

"मटण ना? पकवते की."

"अच्छा है. पकाई तो मेरेकु बी देना."

त्या खोलीत मी आता अकरा वर्षं राहते आहे. लग्न झालं, मुलगी झाली, तरी शेजारची एक खोली मोकळी झाल्यावर तीही घेतली आणि तिथंच राहिलो.

त्या शेडमध्ये काय काय चालायचं, ते मला पहिल्या आठवड्यातच कळलं. खालांचे यजमान हयात असताना पावसाळ्यात लाकडाचा धंदा मंद असायचा, तेव्हा त्यांनी काही नाटकवाल्यांना तालमीसाठी जागा दिली होती. ते गेल्यावर खालांनी ती चाल मोडली नाही. सकाळी एक सरदारजी पेटी शिकवायचे. ते पेट्या दुरुस्तही करायचे, आणि त्यांचं मराठी माझ्यापेक्षा रांगडं होतं. आम्ही आठ बायका रविवारी दुपारी भीमगीतं बसवायचो. संध्याकाळी नाटकवाले यायचे. वापरणाऱ्यानं झाडून घ्यायचं आणि विजेचं बिल वाटून भरायचं, एवढाच नियम होता. आणि गल्लीतली सगळ्यात मोठी जागा या शेडनं धरली होती म्हणूनच तिथं चार मजले चढून आजूबाजूची भाडी वाढली नव्हती. म्हणून गल्लीच्या तोंडाशी मास्टरांचं दुकान टिकलं होतं, म्हणून मला परवडणारी खोली होती. हे आम्हाला तेव्हा असं मांडता आलं नसतं. जागा आहे, तर आहे, एवढंच वाटायचं.

गेल्या वर्षी खाला न्हाणीत पाय घसरून पडल्या. खुब्याचं हाड मोडलं. मुलगा हैदराबादहून आला. तो तिकडं एका कंपनीत कामाला, लहानपण इथंच गेलेलं, त्यामुळं मराठी पक्कं. ऑपरेशनच्या दिवशी दवाखान्याच्या व्हरांड्यात तो माझ्या शेजारी बसला होता. मला तो बाजी, म्हणजे ताई म्हणायचा. म्हणाला, "बाजी, मी आता हे विकून टाकतो. अम्मीला घेऊन जातो. तिला इथं एकटं ठेवून मला तिकडं झोप लागायची नाही."

मी म्हटलं, "भाई, बरोबर आहे तुमचं." आणि आतून मी गार पडले.

चारच दिवसांत दोन माणसं टेप घेऊन वखारीत आली. यात्रेकरूंसाठी लॉज बांधायचा विचार होता. ती माणसं सभ्य होती, चपला बाहेर काढून आत आली. मापं घेताना त्यांनी सरदारजींना पेट्या जरा बाजूला घ्यायला सांगितल्या, आणि सरदारजींनी घेतल्या. ते बघून मला लातूरचं कुलूप आठवलं.

आम्ही मोर्चा काढला नाही, निवेदन दिलं नाही. द्यायचं तरी कुणाला? मालकीण दवाखान्यात होती आणि तिच्यावर आमचा जीव होता. आम्ही पाळ्या लावल्या. आमच्या गाण्यातल्या बायका दुपारी बसायच्या, मी शाळेची बस पकडून आले की संध्याकाळी. सरदारजी गुरुद्वाऱ्यातून डाळ आणायचे. मास्टरांनी खालांना सोपे पडतील असे, बाजूनं उघडणारे झगे शिवून दिले. हे सगळं निव्वळ मायेनं केलं असं मी म्हणणार नाही. पोराला दिसावं, असा एक कोपरा माझ्या मनात होता. एकदा खालांचं अंग पुसताना तो विचार आला आणि मला स्वतःचीच लाज वाटली. खालांनी माझ्याकडं बघितलं.

"क्या सोच री?"

"काही नाही, खाला."

"झूट नक्को बोल. मेरेकु मालूम है." आणि डोळे मिटून म्हणाल्या, "हैदराबाद में चौथे माले पे मैं क्या करूंगी गे? लिफ्ट में किससे बोलूं?"

त्या घरी आल्यावर मुलगा तीन आठवडे राहिला. खालांच्या खोलीत रेंज येत नसे, म्हणून तो शेडमध्ये एका कोपऱ्यात टेबल मांडून लॅपटॉपवर काम करायचा. आम्ही तालीम बंद करू म्हटलं, तर म्हणाला, "करा तुमचं, मी कानाला हेडफोन लावतो." त्याचं मन कशानं पालटलं हे मला आजही सांगता येत नाही. पालटलं असंही नाही. एका संध्याकाळी त्यानं मला, मास्टरांना आणि सरदारजींना बसवून घेतलं.

"मला भीती कशाची आहे ते ऐका," तो म्हणाला. "अम्मी म्हणते विकू नको. ठीक. पण सगळा कारभार तोंडी. मी तिकडं, तुम्ही इकडं. उद्या अम्मी गेली आणि कुणी येऊन बसलं, तर मी काय करू? तुमच्यावर भरवसा आहे. तुमच्यानंतरच्यांवर कसा ठेवू?"

मला ते बोलणं लागलं. इतकी वर्षं कागद न करता राहिलो, आणि आता कागद? पण सरदारजी लगेच म्हणाले, "मग लिहून घे की. आमी कुटं न्हाई म्हणून राहिलो? तोंडी होतं म्हणूनच ते टेपवाले आत आले."

एवढी साधी गोष्ट अकरा वर्षांत कुणाच्या डोक्यात आली नव्हती.

नाटकवाल्यांमधली एक मुलगी वकिली करते. तिनं आमची सगळ्यांची मिळून एक संस्था नोंदवायला घेतली. त्याला वेळ लागला. मुलगा मधे हैदराबादला जाऊन आला. तो जाताना मी त्याला काही विचारलं नाही, पण रोज शाळेच्या बसमधून उतरले की आधी वखारीचं फाटक बघायचे. शेवटी मसुदा झाला. शेड दहा वर्षांसाठी संस्थेकडं, डागडुजी आमची. खोल्या आहेत त्या लोकांकडं राहतील. आणि खालांच्या आग्रहानं एक ओळ घातली, की ही जागा कुणालाही जात-धर्म विचारून नाकारायची नाही. वकील मुलगी म्हणाली, अशी ओळ भाडेकरारात कुणी घालत नाही. खाला म्हणाल्या, "तो तू डाल."

नोंदणीचं कार्यालय पहिल्या मजल्यावर. जागा खालांच्या नावावर, म्हणजे त्यांना नेणं भाग. मास्टर आणि मुलगा दोन बाजूंनी खुर्ची धरून त्यांना वर घेऊन गेले, सरदारजी मागून पायऱ्या मोजत, "आता चार ऱ्हायल्या, तीन ऱ्हायल्या." खाला नवी ओढणी घेऊन ताठ बसल्या होत्या.

फोटो निघाला. मग अंगठ्याचं यंत्र. समोरच्या बाईंनी सांगितलं, "आजी, इथं ठेवा." लाल दिवा लागला. पुन्हा ठेवला, पुन्हा लाल. डावा ठेवला, लाल. बाईंनी यंत्र ओल्या कापडानं पुसलं. खालांचा अंगठाही पुसला. आयुष्यभर भांडी घासून, लसूण सोलून त्या अंगठ्यावरच्या रेषाच गेल्या होत्या. मागं रांग वाढत होती. कुणीतरी म्हणालं, जेवणाची सुट्टी व्हायला आली.

बाई म्हणाल्या, "होत नसेल तर परत कधी तरी घेऊन या त्यांना."

परत कधी? मुलाची गाडी दुसऱ्या दिवशी सकाळची होती. टेपवाल्यांचा फोन त्या आठवड्यातही त्याला येऊन गेला होता, हे त्यानंच मला सांगितलं होतं. मी त्याच्या चेहऱ्याकडं बघितलं. तो घड्याळ बघत होता. कुणावर चिडावं तेही कळेना.

खाला मात्र शांत होत्या. "रुको जरा," म्हणाल्या. ओढणी मागं सारली आणि अंगठा भांगात, डोक्यावरच्या तेलकट केसांत दोन-तीनदा चोळला. "राशन के दुकान में मैं ऐसाच करती."

ठेवला. हिरवा.

बाई हसल्या. रांगेतल्या एका म्हातारबाबांनी "आता लागला बगा" म्हणत स्वतःचाही अंगठा डोक्याला पुसून घेतला. मुलगा मोठ्यानं हसला, आल्यापासून पहिल्यांदाच. मी संस्थेच्या वतीनं सही करायला पुढं झाले. सही झाल्यावर जिन्यात जाऊन उभी राहिले आणि पदरात तोंड घालून मनसोक्त रडून घेतलं. वर आले तेव्हा सरदारजी खालांना विचारत होते, "उतरायचं का आता?" आणि खाला म्हणत होत्या, आधी चहा.

दुसऱ्या दिवशी मुलगा गेला. जाण्याआधी शेडवर चढून फुटलेले दोन पत्रे त्यानं स्वतः बदलून घेतले. "पावसाळ्यात फोन करत जा, बाजी," म्हणाला. "अम्मी काही सांगणार नाही." मी करते. खाला आता काठी घेऊन अंगणापर्यंत येतात.

ते टेपवाले आल्यापासून आम्ही सगळे एकमेकांशी फार जपून वागत होतो. तुम्ही आधी, नाही तुम्ही आधी. घरात कुणी आजारी असलं की माणसं वागतात तसं. करार झाल्यानंतरच्या दुसऱ्या रविवारी आम्ही बायका दुपारी गेलो, तर नाटकवाल्यांनी आमच्या वेळेत सामान मांडून ठेवलेलं. जमिनीवर कागदाचे कपटे, चहाचे कप तसेच. आमच्यातली एक भडकली. "झाडायचं कुणी? आमी का नोकर हाव तुमचे?" तिकडून वकील मुलगीही तेवढ्याच आवाजात, "तुमची ढोलकी महिनाभर आमच्या कोपऱ्यात पडून असते, ते न्हाई दिसत?" सरदारजी दोघींच्या मधे पडले आणि दोन्हीकडून बोलणी खाऊन बाहेर आले.

मी उंबऱ्यावर बसले होते. आतला आवाज वाढत चालला होता आणि मला इतकं बरं वाटत होतं, की मी उठून कुणाला गप्प केलं नाही.