चोवीस खांबांची चोवीस नावं

महंमद हनीफ यांच्यावर मी जेवढा चिडलो आहे तेवढा माझ्या सख्ख्या मेहुण्यावरही कधी चिडलो नाही. आणि मेहुणा 'दोन दिवसांत देतो' म्हणून नेलेली मोटारसायकल तीन आठवड्यांनी आणून देणारा आहे.

हनीफचाचा जुन्नरचे, पिढीजात गवंडी. पंधराव्या वर्षी हातात घेतलेली थापी अठ्ठावन्नाव्या वर्षी गुडघ्यांनी संप पुकारला तेव्हा खाली ठेवली. मग आमच्या कंपनीने त्यांना तपासनीस केलं. वारूळवाडीला मुलींच्या वसतिगृहाचं काम चालू होतं. खांबात काँक्रीट भरण्याआधी आतलं लोखंड नीट बांधलंय का ते बघायचं आणि फोनवरच्या ॲपमध्ये नोंद करायची, एवढंच काम. बघण्यात त्यांचा हात कुणी धरणार नाही. उभ्या सळयांभोवतीची प्रत्येक रिंग ओढून बघायचे, तार सैल निघाली तर बांधणाऱ्याच्या सात पिढ्यांची विचारपूस करायचे. रडगाणं होतं ते नोंदीचं.

नकाशात खांबांना नंबर आहेत, सी-एक ते सी-चोवीस. ते चाचांना कधी पटले नाहीत. "नकाशा पुण्यात, खांब हितं," म्हणायचे. त्यांच्या कशिशने, म्हणजे मुलीने, त्यांना फोनमध्ये बोलून लिहायला शिकवलं, आणि आमच्या दुर्दैवाने त्या ॲपमध्ये जागेचं नाव आपल्या मनाने टाकायची सोय आहे.

मी सोमनाथ, पेठचा. साइटवरचा इंजिनिअर. थोडंफार प्रोग्रॅमिंग येतं, हा माझा गुन्हा. पुण्यातल्या सुदर्शनसाहेबांना ऑफिसात एक पान हवं होतं: वर खांबाचा नंबर निवडला की खाली त्याची तपासणी दिसली पाहिजे. त्यासाठी माझ्या प्रोग्रॅमने ॲपच्या सर्व्हरला विचारायचं, की बाबा, तपासण्या निवडून बघायला तुझ्याकडे कोणकोणते पर्याय आहेत? सर्व्हर पदरचं काही घालत नाही. ज्या नावावर एक तरी तपासणी नोंदली आहे, तेवढीच नावं पाठवतो.

तीन दिवस त्याने मला नाचवलं. एकदा म्हणाला परवानगी नाही, एकदा रिकामी यादी दिली, एकदा गप्पच बसला. गुरुवारी दुपारी यादी आली. चोवीस नावं! बरोबर चोवीस! आनंदाने वाचायला घेतली आणि डोक्याला हात लावला.

'बाभळीकडचा.' 'ठमाबाई चहा करत्यात तिथला.' 'पाण्याच्या पिंपामागला.' 'बहिरूच्या वाघरीसमोरचा.' वाघर म्हणजे मेंढ्या कोंडायचं जाळं. बहिरू आमच्या भावकीतलाच, पण वाघर उचलून तो दुसऱ्याच्या शेतात गेल्याला पंधरा दिवस झाले होते. आता तो खांब कुठला, हे मी काय मेंढ्यांना विचारू? अख्ख्या यादीत एकच नाव शहाण्यासारखं होतं: सी-चौदा.

साहेबांना फोन केला. ते म्हणाले, "उद्या सकाळी काँक्रीट आहे. संध्याकाळपर्यंत नंबरवार तपासणी दिसली नाही, तर चाचांना उद्यापासून घरी बसवा. डिप्लोमावाला मुलगा तयार आहे."

माझा राग मावळला. कशिशचं कॉलेजचं शेवटचं वर्ष होतं आणि घरात कमावणारे चाचा एकटेच.

यादी छापून घेतली आणि चाचांना खांबांमधून फिरवलं. "ह्यो बाभळीकडचा," म्हणत ते हात ठेवायचे, मी नकाशातला नंबर लिहायचो. गुडघे धरत, थांबत, तेवीस खांब दाखवले. एकदाही अडखळले नाहीत. बहिरूची वाघर जिथं होती तिथली लेंडीखताची कड त्यांनी पायाने दाखवली. मला रागही आला आणि कौतुकही वाटलं.

"आता सी-चौदा," मी म्हटलं. "हे एक तरी नीट लिहिलंत."

"ते मी कुठं लिवलं, सोमनाथभाऊ? ते तुमी टाकलं व्हतं. मला नंबर कसा लिवायचा ते शिकवताना."

खरं होतं. महिन्यापूर्वी ठमाबाईंच्या चहाच्या टपरीवर बसून, 'चाचा, बघा, जिन्यापाशी येणाऱ्या खांबाचं असं लिहायचं,' म्हणत मी स्वतः सी-चौदा टाकलं होतं. नमुना म्हणून खाली 'पास'ही दाबलं होतं. खोडायचं विसरलो. त्या वेळी तो खांब उभादेखील नव्हता.

"मग तुम्ही तो बघितला नाही?"

"तुमी पास केलाय म्हणल्यावर मी परत कशाला बगू? विंजिनेरच्या वर बोललं तर बरं दिसंल का?"

सी-चौदा जिन्यापाशी होता. चाचा कसेबसे खाली बसले आणि आत हात घातला. खालच्या दोन फुटांत एकही रिंग बांधलेली नव्हती. सगळ्या वर सरकवून तशाच ठेवल्या होत्या. दुसऱ्या दिवशी त्यावर काँक्रीट पडलं असतं आणि त्या जिन्याने पुढे रोज मुली चढल्या-उतरल्या असत्या.

चाचांनी शिव्या घातल्या त्या बांधणाऱ्याला, आणि त्याच्या शेजारी उभा राहून त्या मीही ऐकल्या. रिंगा बांधून झाल्यावर त्यांनी एकेक ओढून बघितली.

मी साहेबांना फोन लावला. "साहेब, तेवीस नोंदी खऱ्या आहेत. नंबरांशी नावं जोडली आहेत. एक खोटी होती, ती माझी."

साहेब म्हणाले, "चाचांना राहू दे. तुमचं बघतो."

माझी नोंद मी खोडली. "चाचा, आता नवीन नोंद करा. आणि हात जोडतो, या वेळी नंबर लिहा."

"बरं बरं," म्हणत चाचा फोन तोंडाशी धरून लांब गेले.

घरी निघण्याआधी मी पुन्हा यादी मागवली. सर्व्हरने इमानेइतबारे चोवीस नावं पाठवली. सी-चौदा त्यात नव्हतं. शेवटचं नाव होतं: 'सोमनाथभाऊंनी न बघता पास केलेला.'

पुण्याच्या ऑफिसात सी-चौदा निवडलं की ते रोज दिसतं. बदलायचे अधिकार माझ्याकडे आहेत, पण मी ते तसंच ठेवलं आहे.