धुक्याची वही

मीराचा फोन आला तेव्हा मी पूर्व किनाऱ्यावर, पार्सिपनीच्या घरी कामावर निघायच्या घाईत होते. एका पायात बूट, हातात गाडीच्या किल्ल्या. "मावशी, तू बसली आहेस ना?" तिनं विचारलं. मीरा, म्हणजे माझी भाची, इथेच अमेरिकेत जन्मलेली. माझ्याशी एरवी इंग्रजीतच बोलते. त्या दिवशी मराठी शब्द शोधत होती. "आई गेली, मावशी. शी वॉज जस्ट मेकिंग टी. चहा तसाच राहिला गं..." माझी मोठी बहीण मालूताई सिअ‍ॅटलजवळच्या बॉथेलमधल्या आपल्या स्वयंपाकघरात उभ्या उभ्या गेली. सत्तावन्न हे काय जायचं वय आहे? या गोष्टीला आता सात आठवडे झाले.

शोकसभेला तिकडची सगळी मराठी मंडळी आली. ताईचा प्रेमळ स्वभाव, ताईच्या पुरणपोळ्या, ताईचं अगत्य... प्रत्येक जण हेच बोलत होता. खरं सांगते, मला राग आला. तिच्या पुरणपोळ्या निम्म्या वेळा तव्यावर फुटायच्या आणि स्वभाव तर चांगलाच तिखट होता. अभिमान वाटावा अशी जी गोष्ट तिनं केली, ती तिथे कुणाला धड माहीतही नव्हती. म्हणून हे लिहायला घेतलं. माझ्या बहिणीनं डोंगरमाथ्यावरचा एक मनोरा वाचवला.

नागपूरला ताई भूगोल शिकवायची. भाऊजींना सिअ‍ॅटलकडे विमानाच्या कारखान्यात नोकरी लागली आणि ती इकडे आली. इथे तिच्या भूगोलाला कुणी विचारलं नाही. मीरा कॉलेजला गेल्यावर घर खायला उठलं, तेव्हा ती एका गटाबरोबर डोंगर चढायला लागली. ऐंशी साल नुकतंच उलटलं होतं. एकदा एका शिखरावर तिला उंच लाकडी खांबांवर उभी असलेली खोली दिसली. चारी बाजूंना खिडक्या, त्यांवर फळ्या ठोकलेल्या, आणि दारावर जंगलखात्याचा कागद: शरद ऋतूत ही खोली जाळून टाकण्यात येईल. जंगलातली आग शोधण्यासाठी बांधलेली खोली, आणि तिलाच आग लावणार! ताई डोंगर उतरली ती थेट जंगलखात्याच्या कचेरीत जाऊन उभी राहिली.

तिथे वॉल्ट नावाचा रेंजर होता. तो म्हणाला, आता टेहळणी विमानातून होते, असे मनोरे कोण सांभाळणार? पण ताईच्या प्रश्नांना कंटाळून त्यानं मनोऱ्याच्या जुन्या नोंदवह्यांची पेटी तिच्यापुढे ठेवली. ताईनं महिनाभरात सगळ्या वह्या वाचल्या आणि दर रविवारी फोनवर मला ऐकवल्या. तीस सालानंतरच्या मंदीत सरकारी कामाला लागलेल्या पोरांनी खेचरांवर लाकूड लादून वर नेलं होतं. खिडक्यांच्या काचा मात्र पाठीवर बांधून, कारण खेचरांच्या पाठीवर त्या टिकेनात. एका उन्हाळ्यात एक नवं जोडपं वर राहिलं. बाईनं नोंदीत लिहिलं होतं की वारा इतका आहे की आम्ही जेवताना ओरडून बोलतो. दुसऱ्या महायुद्धात शत्रूची विमानं हेरायला माणसं भर हिवाळ्यात वर बसली. "आणि हे सगळं एका काडीनं संपवणार म्हणे," ताई म्हणायची. तिचा आवाज वर्गातल्यासारखा व्हायचा.

शेवटी तिनंच वॉल्टला सांगितलं, मी बसते उन्हाळाभर, फुकट. तो हसला असणार. पण एक उन्हाळा दिला. मनोऱ्याचा उपयोग दिसला तर राहील, नाहीतर ऑक्टोबरात काडी. भाऊजींनी मला फोन करून सांगितलं, "तुझी बहीण वानरसेनेत भरती झाली."

दुसऱ्याच आठवड्यात तिची फजिती झाली. पहाटे एका घळीतून पांढरे लोट उठताना दिसले. नागपूरच्या उन्हात वाढलेल्या आम्हा बहिणींना पावसानंतर झाडीतून उठणारं धुकं असं वरून कधी दिसलंय? तिनं रेडिओवरून धूर कळवला. आठ माणसं पाच तास चढून गेली आणि ओल्या नेच्यांशिवाय काही मिळालं नाही. "मॅडम, तुम्ही आम्हाला ढग विझवायला पाठवलंत," वॉल्ट रेडिओवर म्हणाला. आणखी एकदा असं झालं तर मनोरा लगेच बंद, हेही सांगितलं. ताईनं मला पत्र लिहिलं. मी रजा काढून निघाले.

तो डोंगर मी ताईला मनातल्या मनात शिव्या घालत चढले. वर पोचले तर बाई गॉगल लावून वहीत चित्र काढत बसलेल्या! रोज सकाळी कुठल्या घळीत धुकं किती वाजता उठतं, कसं पसरतं, कधी जातं, सगळं घड्याळ लावून टिपलेलं. धुक्यांना नावंही दिली होती. एक आळशी, एक खादाड. आठ माणसांना वणवण करायला लावणारं जे धुकं, ते सगळ्यांत आधी यायचं आणि सगळ्यांत उशिरा जायचं. त्याचं नाव सासूबाई.

मी वर पोचल्याच्या तिसऱ्या दिवशी दुपारी विजांचं वादळ झालं. आम्ही दोघी पायांना काच लावलेल्या स्टुलांवर पाय वर घेऊन बसलो होतो. वीज अंगावर येऊ नये म्हणून तिथे तशीच स्टुलं असतात. दुसऱ्या दिवशी लख्ख ऊन. अकरा वाजता ताई एकदम उभी राहिली. सासूबाईंच्याच घळीतून एक बारीक पांढरी रेघ वर चढत होती.

"ताई, धुकं असेल. थोडं थांब," मी म्हणाले.

"सव्वीस दिवसांत सासूबाई साडेनवाच्या पुढे एकदाही थांबलेल्या नाहीत. आणि धुकं पसरतं, हे एकाच जागेवरून उठतंय."

"चुकलीस तर मनोरा गेला. हसतील तुला."

"मला कुणी हसू नये म्हणून जंगल जळू देऊ?"

मी ओशाळले. ताईनं खोलीच्या मधोमध असलेल्या, दिशा मोजायच्या लोखंडी तबकडीवरून धुरावर नेम धरला, नकाशावरचा कोन वाचला आणि रेडिओ उचलला. पलीकडून वॉल्टनं कोन पुन्हा वाचायला लावला. मग म्हणाला, "पुन्हा तीच घळ?" ताई म्हणाली, "येस. सेम प्लेस. धिस टाइम इट इज स्मोक." वर्गातल्या मुलाला उत्तर सांगावं तशी.

त्यानं दोनच माणसं पाठवली. पुढचे चार तास ताईनं सगळ्या काचा पुसल्या. मग पुन्हा पुसल्या. मी भात टाकला, तो कुणी खाल्ला नाही. तीनच्या सुमाराला रेडिओ खरखरला. विजेनं फुटलेलं एक जुनं झाड आतून धुमसत होतं. संध्याकाळी वारा सुटला असता तर अख्खा उतार पेटला असता. "मॅडम," वॉल्ट म्हणाला, "तुमच्या वहीची एक प्रत आम्हाला पाहिजे." ताई मटकन जमिनीवर बसली आणि रडायला लागली. मीही. मग आम्ही तो गार भात मीठ लावून खाल्ला.

ऑक्टोबरात काडी लागली नाही. ताई पुढची सगळी वर्षं, दर उन्हाळ्यात, वर जात राहिली. मला तिचा अभिमान तेव्हाही वाटायचा, पण तोंडावर कधी बोलले नाही. धाकट्या बहिणी कुठे बोलतात!

गेल्या महिन्यात वॉल्टचा फोन आला. ताईचे या उन्हाळ्यातले आठवडे रिकामे होते. नवं माणूस मिळेपर्यंत मनोरा बंद ठेवावा लागेल, म्हणाला. बंद खोलीचं पुढे काय होतं ते मला माहीत होतं. मी रजा काढली. तर हे सगळं मी ताईच्या खोलीत, ताईच्या टेबलावर बसून लिहिते आहे. गुडघे बोलताहेत, भात रोज करपतो. इथला नियम असा की दर पंधरा मिनिटांनी उठायचं आणि चारही खिडक्यांतून सगळं रान नजरेखालून घालायचं, त्यामुळे लिहिणं जागोजागी तुटलं असेल... काल सकाळी सासूबाईंच्या घळीत पांढरं दिसलं आणि मी रेडिओ उचलणारच होते. ताईच्या वहीत पाहिलं, घड्याळात पाहिलं, वाट पाहिली. साडेनवाला गेलं. वॉल्टनं रेडिओवर विचारलं, "काय दिसतंय?"

"काही नाही. धुकं होतं," मी म्हणाले.

"नक्की?"

"नक्की. माझ्या बहिणीनं लिहून ठेवलंय."

पंधरा मिनिटं झाली. उठते.