केशरबाईची बोटं

ह्यांच्या डोळ्याचं ऑपरेशन गेल्या वर्षी नीट पार पडलं, तेव्हाच मी नवस बोलले होते. यंदाच्या अधिक श्रावणात लाख वाती लावीन, त्याही स्वतःच्या हाताने वळलेल्या. पाडव्यापासून वळायला बसले. शंभर वाती झाल्या की वाटीत ज्वारीचा एक दाणा टाकायचा. हजार दाणे झाले की लाख.

आमच्या गल्लीत लाख वातींचा नेम आणखी एकीनेच धरला होता, भिंतीपलीकडच्या केशरबाईने. आज वहीत तिच्याविषयी लिहिते. सगळं चांगलंच लिहीन असं नाही.

केशरबाई वयाच्या नवव्या वर्षापासून विड्या वळत आली. नवरा लवकर गेला, विड्यांवरच दोन पोरी उजवल्या. तंबाखूने छाती धरली तेव्हा कुठे सोडल्या. आता त्याच हातांनी वाती. ओट्यावर बसून ती भाजीवालीशी घासाघीस करते, चुलीवरच्या दुधाकडे बघते, नातीचे पाढे ऐकून चुकला की टोकते, आणि हात काही थांबत नाही. पंचवीस वाती झाल्या की दोरा गुंडाळून जुडी टोपल्यात. मोजताना तिला कुणी पाहिलेलं नाही, आणि जुडीत चोवीस निघालेल्याही कुणी पाहिल्या नाहीत.

माझं उलट. तोंडात नाम, हातात कापूस, आणि कान भिंतीला. ती हसली की माझा आकडा गेला. मग दाणा टाकला की टाकायचा राहिला, हेच आठवेना. कैक वेळा अंदाजानेच टाकला.

एकदा नळावर मला राहवलं नाही. म्हटलं, "केशरबाई, विडीचे हात देवाच्या वातीला चालतात वाटतं?"

"न चालायला काय झालं, कुसुमवैनी? इडी असो का वात, शेवटाला काडीच लावायची हाय."

नळावरच्या बाया पोट धरून हसल्या. मी अर्धीच घागर घेऊन घरी आले.

अधिक महिन्याचे दहा दिवस उरले असताना माझे धाकटे दीर व्यंकटराव आणि जाऊबाई रुख्मिणी परभणीहून आले. भावजी तिथे होणाऱ्या मास्तरांना मानसशास्त्र शिकवतात. केशरबाईचे हात पाहून त्यांना मोठा खयाल आला. म्हणाले, "हिची परीक्षा घेऊ."

तिला मधे बसवलं. उजव्या कानाशी भावजी पेपरातले कापसाचे भाव वाचणार, डाव्या कानाशी रुख्मिणी लोणच्याची कृती. केशरबाईने फक्त भाव मागोमाग बोलायचे, आणि वाती वळत राहायच्या. मी मनात म्हटलं, देवा, आता तरी चुकू दे हिला.

एकही भाव चुकला नाही. जुडी मोजली, पंचवीस.

"आणि डाव्या कानात काय वाचलं?" भावजींनी विचारलं.

"काय की बापा. बाईमाणूस बोलायलं होतं, येवढं समजलं."

भावजी खूश. म्हणाले, "बघा वहिनी, आलेल्या शब्दांतला एकच धागा मन आत घेतं. दुसरा दाराशीच राहतो. पण हाताला जन्माची सवय झाली की त्याला मन लागत नाही. म्हणून हिचं मन भावांसाठी मोकळं राहिलं. ही दोन कामं करत नव्हती. एक ती करत होती, एक बोटं करत होती."

मला बरं वाटलं. म्हणजे तिची बुद्धी नव्हे, नुसती सवय! "मला बसवा," मी म्हटलं.

मी भाव बोलू लागले. वाती तर पहिल्या मिनिटालाच थांबल्या. मधेच मी मान वळवून रुख्मिणीला विचारलं, "केशरबाईचं काय?"

भावजी हसत सुटले. "अहो वहिनी, हिने कृती वाचता वाचता तीनदा 'कुसुमवहिनी' म्हटलं. माणसाला बाकी काही ऐकू आलं नाही तरी स्वतःचं नाव कित्येकदा ऐकू येतं, म्हणून मुद्दाम घालायला सांगितलं होतं. ते तुम्हाला ऐकू आलं नाही. केशरबाईचं नाव हिने एकदाच घेतलं, तेवढं बरोबर ऐकलंत!"

सगळे हसले. केशरबाई हसली नाही, हे जास्त लागलं.

रात्री मी दाणे मोजले. वाटीत नऊशे ऐंशी दाणे होते, पण ते दाणे टाकणारं मन चार महिने पलीकडच्या ओट्यावर बसलेलं. देवाला लाख सांगायच्या आणि लावायच्या किती? दुसऱ्या दिवशी टोपली उचलली आणि तिच्या दारात गेले. "मोजून द्या," एवढंच बोलले.

दोन दुपारी तिची बोटं माझ्या वातींतून फिरली. तोंड भाजीवालीशी चालूच. शेवटी म्हणाली, "पंच्याण्णव हजार हायती. तुमच्या दाण्यापरीस तीन हजार कमी. माझ्यातल्या घ्या, लय झाल्यात."

"नको. नवस माझा आहे."

"मग बसा हितं. भितीआडून ऐकायपरीस म्होरं बसून ऐका की."

बसले. सहा दिवसांत पाच हजार वळल्या. माझ्या जुड्यांत कधी चोवीस, कधी सव्वीस. नातीशी बोलता बोलता, न बघताच ती एक काढायची, एक घालायची. दर वेळी अंगाचा तिळपापड व्हायचा. पण लाख भरल्या.

काल अमावास्येला नदीकाठच्या देवळात दोघींनी परातींत वाती मांडल्या, तूप घातलं, काडी लावली. ज्योती उठल्या तशी मी ह्यांना पुढे घेतलं. डोळे नीट झाले म्हणून तर सगळं केलं, त्यांनी बघावं. ते बघतच राहिले.

"अहाहा! काय झळकायलंय गं!"

मी त्यांच्या बोटाच्या रोखाने पाहिलं. केशरबाईची परात.

"आपली ही इकडची," मी म्हटलं, आणि त्यांची मान धरून वळवली.