तुमचं कपाट भरलंय

बारामतीच्या पुस्तक प्रदर्शनात गुरुजींनी माझ्या हातातलं पुस्तक काढून घेतलं. हिसकावलं न्हाय. हिसकावलं असतं तर बरं झालं असतं, मी तितंच भांडले असते. त्यांनी दोन बोटांनी अलगद काढलं, लेखकाचं नाव वाचलं, आणि परत मांडणीवर ठेवलं.

"हे राहू दे," म्हणले. "तुमच्या लोकांचं यंदा नको. तुमचं कपाट भरलंय."

समितीची दोन माणसं बाजूलाच होती. स्टॉलवरच्या बाईंनी ऐकलं आणि मान खाली घालून बिलाच्या पुस्तकात काहीतरी लिहायला लागल्या. गुरुजींनी माझ्या खांद्यावर हात ठेवला. "मनाला लावून घेऊ नको हं. आपल्यात आता तसलं काही राहिलं नाही."

"न्हाय गुरुजी," मी म्हणलं. आणि हसले. व्हय, हसले. ते हसणं आठवलं की आजबी अंगावर काटा येतो.

कळंबच्या बाजूला एका गावात सार्वजनिक वाचनालय हाय. तितं मी आठ वर्षं काम करते. कुलूप उघडायचं, नव्या पुस्तकांवर शिक्के मारायचे, नंबर टाकायचे, फाटलेल्याला पुठ्ठा घालायचा. गुरुजी आमचे अध्यक्ष. निवृत्त हेडमास्तर. चौथीला मला त्यांनीच शिकवलं. वर्षातनं एकदा समिती बारामतीला जाती आणि नवी पुस्तकं निवडून आणती. दरवर्षी मला नेत्यात ते खोकी उचलायला. यंदा मात्र गुरुजी आपणहून म्हणले, "यंदा निवड तूच कर. लोकांना काय पाहिजे ते तुला कळतं."

मी ठेवणीतली साडी नेसून गेले होते हो. मागणीची वही पिशवीत. लोक त्या वहीत लिहून जात्यात, हे नवीन आलंय ते आणा, ते आणा. वर्षभरात एका पुस्तकाला सगळ्यात जास्त मागणी होती. एका रहस्यकादंबरीचा दुसरा भाग. पहिल्या भागात साखर कारखान्याच्या वसाहतीत खून होतो, तिघांवर संशय येतो आणि पुस्तक संपतं. आमच्या गावात त्याच्यावर पैजा लागल्या होत्या.

तेच पुस्तक माझ्या हातात होतं.

आता कपाटाचं सांगते. आमच्या वाचनालयात एक लोखंडी कपाट. त्याच्यावर पांढऱ्या रंगानं लिहिलंय, 'दलित साहित्य'. गुरुजींनी ते हौसेनं करून घेतलं. कुणी पाहुणा आला की आधी तिकडं नेत्यात. "तालुक्यात असं स्वतंत्र कपाट फक्त आपल्याकडं आहे." म्हणताना तोंड फुललेलं असतं. आणि मनापासनं म्हणत्यात, खोटं कशाला बोलू.

पण त्या कपाटात काय काय हाय माहितीये? आत्मकथनं हायत, कविता हायत, ठीक हाय. शिवाय मधमाश्या कशा पाळायच्या त्याचं पुस्तक. चंद्रावरच्या खड्ड्यांचं पुस्तक. पुण्यातल्या कॉलेजची एक गोड प्रेमकथा. आणि ही रहस्यकादंबरी. गुरुजी आत उघडून बघतच न्हाईत. कव्हरवरचं आडनाव बघत्यात. आडनाव आमच्यातलं वाटलं की पुस्तक त्या कपाटात. ज्याला मधमाश्या पाळायच्यात तो शेतीच्या कपाटात शोधणार आणि हात हलवत जाणार. मधमाशीला जात असती व्हय?

आणि तितं लावत कोण होतं? मी. आठ वर्षं. माझ्या ह्या हातांनी. गुरुजी बोट दाखवायचे, मी लावायची. मला कधी वाटलंच न्हाय की ह्यात काय चुकतंय. ह्याचीच लाज जास्त वाटती.

ती कादंबरी तिथनं बाहेर काढली माझ्या वडलांनी. मी त्यांना दादा म्हणायची. कारखान्यात फिटर होते. रिटायर झाले आणि दोन्ही किडन्या गेल्या. आठवड्यातनं दोनदा बारामतीला डायलिसिस. चार-चार तास पडून राहायचं. सुई लावलेला हात सरळ, दुसऱ्या हातात पुस्तक. त्या कपाटातली आत्मकथनं, कविता सगळं वाचून झालं होतं त्यांचं. एक दिवस वाचनालयात येऊन मलाच म्हणले, "अगं, ह्या कपाटात खून कुठनं आला?" आणि पोट धरून हसले. मग म्हणले, "दे, दे. आपलं दुःख मी जगलोय, परत वाचलंय. आता मला जरा खून वाचू दे."

दोन दिवसात संपवली. नर्सबाईंना कथा सांगितली. शेजारच्या कॉटवर कळसचे एक तात्या असायचे, त्यांना वाचायला दिली. तिथनं ती गावात फिरली. पिठाच्या गिरणीवाल्या काकूंनी नेली, शाळेतल्या बाईंनी नेली. ज्यांनी त्या कपाटाला कधी हात लावला नव्हता, त्यांनी नेली. दादांचं ठाम मत होतं, खून डॉक्टरनंच केलाय. "तू दुसरा भाग आण. न्हाय डॉक्टर निघाला तर नाव सांगणार न्हाय."

मला तेवढंच एक पुस्तक पाहिजे होतं.

तुमी म्हणाल, स्वतः विकत का घेतलं न्हाय? पैसे होते पर्समधी. गुरुजी पुढच्या मांडणीकडं गेले होते. पुस्तक हाताच्या अंतरावर होतं. पण हात उठला न्हाय. वाटलं, स्टॉलवरच्या बाई बघत्यात. आता घेतलं तर त्या म्हणतील, हीच ती, कपाट भरलेली. शरमेनं माणूस इतका खुळा होतो. मी खोकी उचलली आणि गाडीत जाऊन बसले.

घरी आले तर दादा दारात खुर्ची टाकून बसलेले. "आणलं?"

मी म्हणलं, "संपलं होतं दादा. सगळ्या प्रती गेल्या."

मला वाटलं तोंड पडंल त्यांचं. उलटं झालं. मांडीवर थाप मारली. "संपलं? अगं मग खपतंय की! आपल्यातल्या पोराचं पुस्तक बारामतीत खपतंय!" आईला हाक मारून सांगितलं. सुजलेल्या पायांनी उठले आणि शेजारी सांगून आले.

मी आत गेले आणि पदर तोंडात कोंबून रडले. माझ्या बापाला मी खोटा आनंद दिला, कुणाची तरी घाण झाकायला. दुसऱ्या दिवशी मोबाईलवरनं पुस्तक मागवलं. पार्सलला आठवडा लागला. दादांना पाचच दिवस होते.

पार्सलवाला आला तेव्हा घरात पांढऱ्या कपड्यातली माणसं बसली होती. त्यानं माझी सही मागितली. मी सही केली.

दादांचा जलदानविधी झाल्यावर मी ते पुस्तक वाचलं. खून डॉक्टरनं केला नव्हता. दादांनी लेखकाला दोन शिव्या घातल्या असत्या, मग मान हलवून म्हणले असते, फसवलं गड्यानं. ते ऐकायला मी काय दिलं असतं.

गुरुजी भेटायला आले होते. हात जोडून म्हणले, "वाचणारा माणूस गेला गं." डोळ्यात पाणी होतं. मी त्यांना चहा दिला.

कामावर गेले त्या सकाळी आधी कपाट उघडलं. मधमाश्या शेतीत लावल्या. चंद्र विज्ञानात. प्रेमकथा कादंबऱ्यांत, आत्मकथनं आत्मकथनांत, कविता कवितांत. रहस्यकथा रहस्यकथांत. मग कपाटाच्या दारावरची पांढरी अक्षरं रॉकेलच्या बोळ्यानं पुसली.

दहाला गुरुजी पेपर वाचायला आले. बघतच राह्यले.

"हे कुणी केलं?"

"मी."

"कुणाला विचारून?"

"तुमी चंद्र ह्या कपाटात कोंडला तेव्हा कुणाला विचारलं होतं, गुरुजी?"

"मी तुमच्या सन्मानासाठी केलं होतं ते."

मला त्यांचं वाईट वाटलं. आणि वाईट वाटलं म्हणून स्वतःचाच राग आला. बापासाठी रडून झालं नव्हतं, आणि मी ह्यांच्यासाठी रडायला निघाले होते.

"संध्याकाळपर्यंत होतं तसं लाव."

"न्हाय लावणार."

"मग मला समितीपुढं ठेवावं लागेल."

"ठेवा."

ते पेपर घेऊन खुर्चीत बसले. तेवढ्यात गिरणीवाल्या काकू आल्या. पिठानं माखलेले हात पदराला पुसत म्हणल्या, "काय गं, आला का आमचा दुसरा भाग? का संपला म्हणत्यात बारामतीत?"

दादांची प्रत घरी हाय. ती मी देणार न्हाय. वाचनालयानं आपली प्रत विकत घ्यावी, शिक्का मारून घ्यावी.

"संपला नव्हता काकू," मी म्हणलं. "समोर होता. माझ्या हातात होता. गुरुजींनी लेखकाचं आडनाव बघितलं आणि परत ठेवला."

पेपर हलायचा थांबला. काकूंनी एकदा माझ्याकडं बघितलं, एकदा गुरुजींकडं. मला त्यांचं सर्टिफिकेट नको होतं.

समितीची मीटिंग पुढच्या आठवड्यात हाय. नोकरी जाईल बहुतेक. जाऊ दे. माझ्या बापाशी मी जे खोटं बोलले, ते शेवटचं. आता हितं येऊन कुणीबी विचारू दे, अमकं पुस्तक का न्हाय, तर मी खरं कारण सांगणार, नाव घेऊन सांगणार. नोकरी राह्यली तर टेबलामागनं. न्हाय राह्यली तर वाचनालयाच्या दारात उभी राहून.