समोरचे दात

यवतमाळला दातांच्या दवाखान्यात ती माझ्या शेजारी बसली होती. घाटंजीकडची, पन्नाशीची बाई. मांडीवर क्लॅरनेटची पेटी. नवरा लग्नाच्या बँडात क्लॅरनेट वाजवायचा. आत त्याचे समोरचे दात काढणं चाललं होतं. ते गेले की क्लॅरनेट तोंडात धरता येत नाही, हे तिनंच मला सांगितलं.

"पेटी कायले आणली?" मी विचारलं.

"हिच्याबिगर ते कुठीच जात नाही." सवतीबद्दल बोलावं तसं ती बोलली.

"आता लग्नसराईत घरी राहतील."

"राहतीन." मग म्हणाली, "आमच्या लग्नात बँडच नव्हता जी. क्लॅरनेटवालाच बोहल्यावर उभा, मंग बँड चालवीन कोन?"

मला हसू आलं. ती हसली नाही. पेटीची कडी उगाच उघडली, लावली.

"काल संध्याकाळी मले म्हने, चांगलं लुगडं नेस. मंग गल्लीच्या तोंडापासून दारापर्यंत वाजवत आनलं मले. पूर्ण वरात."

"लोक जमले असतील."

"जमले ना. इचारून राह्यले होते, नवरदेव कुठी हाय म्हून."